डॉयल अलेक्झांडरची किंमत

१२ ऑगस्ट १९८७. अमेरिकेतल्या बेसबॉल हंगामाचे सात आठवडे उरले होते. त्या दिवशी डेट्रॉईट टायगर्स या संघाने अटलांटा ब्रेव्हजकडून एक पिचर घेतला. नाव डॉयल अलेक्झांडर, वय ३६, त्या वर्षीची कामगिरी ५ विजय आणि १० पराभव. बदल्यात दिला २० वर्षांचा एक पोरगा. तो खालच्या लीगमध्ये ४ जिंकून १० हरलेला होता आणि दर नऊ इनिंगमागे साडेपाचहून जास्त धावा देत होता. पोराचं नाव जॉन स्मोल्ट्झ.

बेसबॉलमधल्या सगळ्यात वाईट सौद्यांची यादी निघाली की हा सौदा त्यात असतोच. डेट्रॉईटने हिरा देऊन काच घेतली, असं सांगितलं जातं. मला ही गोष्ट इतकी सरळ वाटत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. बेसबॉल माहीत नसलं तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जातो.

आधी स्टार्टिंग पिचर म्हणजे काय ते बघू. पिचर म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. पण आपल्याकडे एका सामन्यात पाच-सहा जण ओव्हर वाटून घेतात, तिथे सामना सुरू करणारा पिचर एकटाच शंभराच्या आसपास चेंडू टाकतो. त्यानंतर त्याच्या हाताला चार दिवस विश्रांती. म्हणून प्रत्येक संघ असे चार-पाच पिचर पाळीने वापरतो. हंगाम १६२ सामन्यांचा, जवळजवळ रोज सामना. यातला एक जरी दुखापतीने किंवा वयाने ढेपाळला, तरी दर पाचव्या दिवशी संघ अर्धा हरूनच मैदानात उतरतो. आणि चांगला स्टार्टर ऑगस्ट महिन्यात बाजारात मिळत नाही. ज्याच्याकडे आहे तो फुकट देत नाही.

मग उपाय एकच, ट्रेड. जो संघ शर्यतीतून बाहेर पडलाय, त्याच्याकडे जायचं. त्याला या वर्षीच्या विजयांचा काही उपयोग उरलेला नसतो. तो म्हणतो, माझा अनुभवी पिचर घे, मला तुझी उगवती पोरं दे. एकाला आज हवा असतो, दुसऱ्याला उद्या. आपल्याकडे आयपीएलमध्ये लिलाव असतो, दोन हंगामांच्या मध्ये अदलाबदलही होते. हार्दिक पंड्या गुजरातहून परत मुंबईला आला तो असाच. पण ऐन स्पर्धेत, गुणतक्त्याकडे बघत, पुढच्या पाच-दहा वर्षांचा माल देऊन एक गोलंदाज आणायचा, हा प्रकार आपल्या क्रिकेटला फारसा माहीत नाही.

तिकडे हे इतकं जुनं आहे की त्याला लगाम घालावा लागला. १९२२ च्या जुलैअखेर न्यूयॉर्क यांकीजनी बोस्टनकडून जो ड्युगन हा खेळाडू उचलला आणि सेंट लुईसच्या संघाला फक्त एका सामन्याच्या फरकाने मागे टाकून लीग जिंकली. सेंट लुईसमध्ये आरडाओरडा झाला: पैसेवाल्यांनी हंगामाच्या शेवटी माणसं विकत घ्यायची, तर आम्ही खेळायचं कशाला? पुढच्या वर्षापासून १५ जून ही शेवटची तारीख ठरली. १९८६ पासून ती ३१ जुलै झाली. त्यानंतरही व्यवहार करता येत असे, पण खेळाडूचं नाव आधी इतर क्लबांपुढे ठेवायचं, कुणी दावा केला नाही तरच पुढे जायचं. अलेक्झांडर याच मागच्या दाराने डेट्रॉईटला आला.

आता डेट्रॉईटची त्या वेळची अवस्था बघा. १९८४ मध्ये हा संघ जगज्जेता होता. मॅनेजर होते स्पार्की अँडरसन, संघबांधणीचं काम बिल लजॉय यांच्याकडे. १९८७ ची सुरुवात मात्र भयानक झाली, ११ विजय आणि १९ पराभव. तिथून संघ सावरला आणि ऑगस्टमध्ये टोरांटोच्या मानगुटीवर बसला. पण संघाचं वय झालं होतं. डॅरेल इव्हान्स चाळिशीचा होता, आणि त्या वर्षी त्याने ३४ होमरन मारले! जॅक मॉरिस हुकमी पिचर होता, पण १९८४ च्या विजयात त्याच्या बरोबरीने राबलेल्या डॅन पेट्रीचा हात आता साथ देत नव्हता. या मंडळींकडे एक शेवटची संधी आहे, हे न सांगताही सगळ्यांना दिसत होतं.

शिवाय तेव्हाचा नियम क्रूर होता. अमेरिकन लीगचे १४ संघ, सात-सातचे दोन गट, आणि प्रत्येक गटातला फक्त पहिला पुढे जाणार. आजच्यासारखी मागच्यांना आत घेणारी सोय नव्हती. ९६ सामने जिंकून दुसरा आलास तर घरी जा. अशा वेळी एका स्टार्टरची किंमत काय लावाल?

डेट्रॉईटने किंमत लावली आणि माल मिळाला. अलेक्झांडरने टायगर्ससाठी ११ सामने सुरू केले. ९ जिंकले. हरला एकही नाही. नऊ इनिंगमागे १.५३ धावा. आधीच्या चार महिन्यांत ५-१० असलेला, सदतिशीत शिरणारा माणूस!

शेवटचे दहा दिवस तर कादंबरीत शोभतील असे. डेट्रॉईट आणि टोरांटो यांच्यात सात सामने झाले आणि सातही एकेका धावेने सुटले. पहिले तीन टोरांटोने जिंकले, आघाडी साडेतीन सामन्यांची. चौथ्या सामन्यात, २७ सप्टेंबरला, अलेक्झांडर दहा इनिंगहून जास्त टिकला. कर्क गिब्सनने नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून बरोबरी केली आणि तेराव्या इनिंगमध्ये त्याच्याच फटक्यावर सामना सुटला. तो हरले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. मग २ ऑक्टोबरला डेट्रॉईटमध्ये शेवटची तीन सामन्यांची मालिका. पहिल्या दिवशी अलेक्झांडर, ४-३. दुसऱ्या दिवशी बारा इनिंगनंतर ३-२. तिसऱ्या दिवशी फ्रँक टनानाने टोरांटोला एकही धाव दिली नाही, लॅरी हर्नडनचा एक होमरन, १-०. टोरांटोने शेवटचे सात सामने ओळीने गमावले. डेट्रॉईट ९८, टोरांटो ९६.

दोन सामन्यांचा फरक आणि अलेक्झांडरचे नऊ विजय. त्याच्या जागी साधारण पिचर असता तर? गणित तुम्हीच करा.

म्हणजे सौदा ज्या कामासाठी केला, ते काम झालं. पूर्ण झालं. सगळ्यात वाईट सौदा म्हणताना हे पान लोक उलटून टाकतात.

पुढचं पान कडू आहे. लीगच्या अंतिम मालिकेत डेट्रॉईटसमोर मिनेसोटा होतं, जेमतेम ८५ सामने जिंकलेलं. अलेक्झांडरने पहिला सामना गमावला, पाचवाही गमावला, आणि डेट्रॉईट ४-१ ने बाहेर. तारीख होती १२ ऑक्टोबर. सौद्याला बरोबर दोन महिने झाले होते.

१९८८ मध्ये अलेक्झांडर १४-११. संघ एका सामन्याने दुसरा. १९८९ मध्ये अलेक्झांडर ६-१८ आणि डेट्रॉईट तब्बल १०३ सामने हरलं. त्याने खेळ सोडला. टायगर्सना हंगामानंतरच्या फेरीत पुन्हा पाऊल ठेवायला २००६ साल उजाडलं. एकोणीस वर्षं!

आणि तो पोरगा? जॉन स्मोल्ट्झ मिशिगनचाच. लॅन्सिंगमध्ये वाढला, डेट्रॉईटपासून मोटारीने दीड-दोन तासांवर. आई-वडील अकॉर्डियन शिकवायचे, तोही लहानपणी वाजवायचा. आजोबा टायगर स्टेडियममध्ये कित्येक वर्षं कामाला. १९८५ च्या निवडीत टायगर्सनी त्याला २२ व्या फेरीत घेतलं होतं. घरच्या संघाकडून खेळायचं, मॉरिससारखा पिचर व्हायचं, हे त्याचं स्वप्न. विसाव्या वर्षी त्याला कळलं की आपल्याला अटलांटाला पाठवलंय, त्या वेळी लीगमधल्या सगळ्यात वाईट संघांपैकी एकाकडे.

१९८८ मध्ये तो मोठ्या लीगमध्ये आला आणि २-७ ने आपटला. त्या वर्षीही अटलांटाने १०६ सामने गमावले. १९८९ मध्ये मात्र तो ऑल-स्टार. १९९१ च्या पहिल्या अर्ध्यात २-११, दुसऱ्या अर्ध्यात १२-२, आणि अटलांटा तळातून थेट वर्ल्ड सिरीजमध्ये. सातव्या, निर्णायक सामन्यात स्मोल्ट्झसमोर मिनेसोटाचा पिचर कोण, तर जॅक मॉरिस. दोघांनीही धाव दिली नाही. स्मोल्ट्झ आठव्या इनिंगमध्ये थांबला, मॉरिस दहाच्या दहा इनिंग टाकून १-० ने जिंकला. डेट्रॉईटच्या लोकांनी तो सामना कसा पाहिला असेल? दोघेही एके काळचे आपलेच.

स्मोल्ट्झ १९९५ मध्ये विजेत्या संघात होता. १९९६ मध्ये २४-८ करून त्याने साय यंग पुरस्कार घेतला. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर तो शेवटच्या इनिंगचा पिचर झाला, २००२ मध्ये ५५ सामने वाचवले, मग परत स्टार्टर. २१३ विजय आणि १५४ सेव्ह. दोनशेवर विजय आणि दीडशेवर सेव्ह असलेला दुसरा पिचर आजवर झालेला नाही. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम.

इथे नेहमीची गोष्ट संपते आणि लोक लजॉय यांना नावं ठेवून मोकळे होतात. मी जरा मागे जातो, कारण अलेक्झांडरची कुंडली फार कमी जण बघतात.

हा माणूस आयुष्यभर कुणाच्या तरी बदल्यात गेला. १९७१ च्या डिसेंबरमध्ये तो बाल्टिमोरला आला, तेव्हा उलट दिशेने गेलेल्यांत फ्रँक रॉबिन्सन होता, बेसबॉलमधला एक महामेरू. १५ जून १९७६ ला, म्हणजे शेवटच्या तारखेलाच, तो दहा खेळाडूंच्या सौद्यात यांकीजकडे गेला. यांकीज त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले, पण बाल्टिमोरला मिळालेल्यांत रिक डेम्पसी आणि स्कॉट मॅकग्रेगर होते. सात वर्षांनी बाल्टिमोरने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू डेम्पसी आणि शेवटचा सामना जिंकणारा पिचर मॅकग्रेगर. पुढे १९८४ आणि ८५ मध्ये टोरांटोकडून अलेक्झांडरने १७-१७ सामने जिंकले. तिथले मॅनेजर होते बॉबी कॉक्स. कॉक्स अटलांटाचे प्रमुख झाले आणि १९८६ च्या जुलैमध्ये त्यांनी आपला हा जुना पिचर तिकडे ओढला. किंमत दिली ड्युएन वॉर्ड नावाचा तरुण पिचर. तेरा महिन्यांनी तोच अलेक्झांडर कॉक्स यांनी डेट्रॉईटला दिला आणि स्मोल्ट्झ घेतला.

आठ क्लब, १९४ विजय. आणि एक बारकावा. खेळाडूंच्या संघटनेने भांडून एक हक्क मिळवला होता: मोठ्या लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच क्लबमध्ये झाली असतील, तर तुमच्या मर्जीशिवाय तुम्हाला पाठवता येत नाही. अलेक्झांडरला या नियमाचा आधार कधी मिळालाच नाही. एका जागी सलग पाच वर्षं त्याला कुणी ठेवलंच नाही. ज्याला सतत हलवलं जातं, त्यालाच नको म्हणण्याचा हक्क नाही. आपल्याकडच्या कंत्राटी कामगारांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मुद्द्याची संध्याकाळ. १८ ऑक्टोबर १९९२, अटलांटा, वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना. अटलांटा विरुद्ध टोरांटो. अटलांटाचा स्टार्टर स्मोल्ट्झ, अलेक्झांडरची किंमत. टोरांटोचा स्टार्टर डेव्हिड कोन. तोही ऑगस्टच्या शेवटी न्यूयॉर्क मेट्सकडून आणलेला, जेफ केंट या नवख्याला देऊन. आठव्या इनिंगमध्ये स्मोल्ट्झ बाहेर आला तेव्हा अटलांटा पुढे होतं. नवव्या इनिंगमध्ये टोरांटोच्या एड स्प्रेगने होमरन मारला आणि सामना ५-४ ने फिरला. विजय कोणाच्या नावावर लागला? ड्युएन वॉर्डच्या. तोही अलेक्झांडरचीच किंमत! तिसरा सामनाही वॉर्डच्याच नावावर. टोरांटो जिंकलं, अमेरिकेबाहेरचा वर्ल्ड सिरीज जिंकणारा पहिला संघ झालं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलं. हंगाम संपताच कोन दुसरीकडे निघून गेला. केंट २००० साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणजे टोरांटोनेही किंमत मोजलीच. काही आठवड्यांच्या कोनसाठी भविष्यातला एक मोठा फलंदाज दिला. पण टोरांटोला कुणी मूर्ख म्हणत नाही. का? कप मिळाला म्हणून, हे सोपं उत्तर. मला दुसरंही दिसतं. टोरांटोच्या कोठारात त्या वेळी भरपूर माल होता. एक पोतं गेलं तरी पेरणी अडत नव्हती. डेट्रॉईटच्या घरात पिकलेली माणसं होती आणि खाली रोपं फार थोडी. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी वेगळी असते. पाहुणा आला म्हणून त्यातलं दळायला काढायचं असेल, तर पुढच्या पेरणीची सोय आधी लावावी लागते. १९८७ च्या पाहुणचारात चूक नव्हती. पुढच्या वर्षांत कणगी भरली नाही, तिथे घोटाळा झाला. एकटा स्मोल्ट्झ असता तरी १०३ पराभव टळले नसते.

आणि बियाणं राखून ठेवणाऱ्याला तरी खात्री कुठे असते? ४-१० असलेली, खालच्या लीगमधली बहुतेक पोरं मोठ्या मैदानापर्यंत पोचतच नाहीत. उलट, अनुभवी म्हणून आणलेलाही फसतो. १९६४ मध्ये शिकागो कब्जला स्टार्टर हवा होता. आदल्या वर्षी १८ सामने जिंकलेला अर्नी ब्रॉग्लिओ त्यांनी सेंट लुईसकडून घेतला आणि लू ब्रॉक दिला. तेव्हा अनेकांना कब्जनीच बाजी मारली असं वाटलं. ब्रॉग्लिओचा हात दुखावलेला निघाला, तीन हंगामांत त्याने शिकागोला फक्त सात विजय दिले. ब्रॉकने त्याच वर्षी सेंट लुईसला कप मिळवून दिला आणि कारकिर्दीत ९३८ बेस चोरले. फसलेला सौदा हवा असेल तर हा घ्या. इथे आजही गेला आणि उद्याही गेला.

दुसऱ्या टोकाला मिलवॉकी, २००८. १९८२ पासून एकदाही पुढच्या फेरीत न पोचलेलं शहर. जुलैमध्ये त्यांनी क्लीव्हलँडकडून सी. सी. सबाथियाला आणलं. हंगाम संपला की तो मोकळा होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने १७ सामन्यांत ११-२ केलं. शेवटी शेवटी तर चारऐवजी तीन दिवसांच्या विश्रांतीवर तो उतरत राहिला, हात गेला असता तर पुढचा प्रचंड करार बुडाला असता तरीही. शेवटच्या दिवशी पूर्ण सामना एकट्याने टाकून त्याने संघाला आत नेलं. पहिल्याच फेरीत ते हरले, तो यांकीजकडे गेला. मिलवॉकीत त्याला कुणी भाडोत्री म्हणत नाही. २६ वर्षं वाट बघितलेल्या माणसाला तो ऑक्टोबर किती मोलाचा असतो, ते आकडेवारीत मावत नाही.

म्हणून डेट्रॉईटच्या त्या शेवटच्या रविवारचा विचार मी पुन्हा पुन्हा करतो. १-० झालं, स्टेडियम उसळलं. त्या गर्दीत एखादी आजी असेल, जिने त्यानंतर टायगर्सचा असा ऑक्टोबर पुन्हा पाहिला नसेल. तिच्या दृष्टीने सौदा वाईट होता? आणि १९८९ मध्ये जन्मलेल्या डेट्रॉईटच्या मुलाने सतरा वर्षांचा होईपर्यंत आपला संघ पुढच्या फेरीत पाहिलाच नाही. त्याच्या दृष्टीने? सौद्याच्या टेबलावर आजी अप्रत्यक्षपणे तरी हजर होती, तिकीट काढून, आवाज करून. मुलगा तेव्हा जन्मलेलाच नव्हता. आजच्यासाठी उद्या देणारा कुठलाही सौदा घ्या, मग तो क्लबचा असो, नगरपालिकेचा असो की सरकारचा, ती खुर्ची रिकामीच असते. निर्णय घेणाऱ्याने निदान तिच्याकडे एकदा बघून घ्यावं.

लजॉय यांच्या जागी मी असतो तर? त्या ऑगस्टमध्ये, चाळिशीच्या इव्हान्सकडे आणि पेट्रीच्या हाताकडे बघून, मीही सही केली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन खालच्या लीगमधल्या पोरांसाठी केला असता. आहे त्यात पुढचा स्मोल्ट्झ कोण, ते विचारायला.